फौजदार काकू

"आज त्या काकू किंचाळल्या नाहीत, तर उद्या नवरीचं भूत दुसरी कुणी करेल," दिग्दर्शकानं मला बजावलं.

बंद सूतगिरणीत दोन दिवसांचा भयखेळ होता. आलेल्या प्रत्येकाला त्यात भूमिका मिळायची. काकू फौजदार झाल्या होत्या आणि वर्दी चढवल्यापासून त्यांनी भुतांचीच चौकशी चालवली होती.

मी केस सोडून अंधारातून पुढे आले, तर त्यांनी टॉर्च सरळ माझ्यावर धरला. "नवरी ना गं तू? मग चुडा कुठंय? आणि हा पदर खोच आधी, अडखळून पडशील." असं म्हणत त्यांनीच तो खोचला. सोसायटीतून सोबत आलेल्या मैत्रिणी खिदळल्या.

माणूस ओळखण्यात मी कच्ची नाही. काकूंच्या पाटलीला कुरडयांचा चीक वाळून चिकटला होता. बाई सकाळी वाळवण घालूनच निघाल्या होत्या.

भुताचा घोगरा आवाज सोडून मी शेजारणीसारखं विचारलं, "काकू, कुरडया गच्चीवरच राहिल्या का हो? बाहेर वळीव सुरू झालाय."

काकू किंचाळल्या. पाठोपाठ तिघी मैत्रिणीही किंचाळल्या, कारण सगळ्यांचं वाळवण एकाच गच्चीवर होतं.