भाड्याच्या मोटारीतून दूतावासाकडे

“उजवीकडून, दादा! उजवीकडून!” प्रमोदिनी ओरडली.

वसंतने चाक फिरवले. समोरून येणारी ट्राम घंटा बडवत अगदी जवळून गेली. ट्रामवाल्याने खिडकीतून डोके काढून फ्रेंचमध्ये काहीतरी सुनावले. ते काय होते हे प्रमोदिनीने भावाला सांगितले नाही.

मोटार सकाळीच भाड्याने घेतलेली होती. फिकट हिरवी, छोटी डोफिन. दुकानातल्या माणसाने कागदावर पेन्सिलीने चौक काढून तीनदा समजावले होते की उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, मग तो गल्लीतून का येईना. वसंतने तीनदा मान हलवली होती. अमरावती ते अकोला तो बारा वर्षे वडिलांची मॉरिस चालवत आला होता. इथे चाक डावीकडे होते आणि रस्त्याची बाजू उजवी. गिअर बदलायला त्याचा डावा हात सवयीने जायचा आणि दारावर आपटायचा.

“ट्राम तर माह्या दारातून सुटते,” प्रमोदिनी म्हणाली. “बारा मिनिटांत दूतावास. मोटार कायले घेतली तू?”

“मले चालवून पाहायची होती.”

ती हसली. सात वर्षे ती ब्रसेल्समध्ये राहत होती. दवाखान्यात फ्रेंच, घरात मुलाशी फ्रेंच. पण काल भाऊ दारात उभा राहिला तेव्हा तिच्या तोंडून अशी वऱ्हाडी निघाली, की जणू ती परवाच दर्यापूरहून आली आहे.

लहान मुलांच्या रोगांचे शिक्षण घ्यायला ती इथे आली आणि बरोबरच्या बेल्जियन डॉक्टरशी लग्न करून राहिली. त्यांचे वडील, आप्पा, अमरावतीतले नावाजलेले वकील. त्यांनी घरात एकच वाक्य सांगितले, की या घरातून तिला पत्र जाणार नाही. गेले नाही. तिची पत्रे यायची ती न उघडता कपाटात जायची. आईला लिहिता येत नव्हते.

यंदा अकोल्याच्या जिनिंग कारखान्याने वसंतला बेल्जियममधल्या कापडगिरण्या पाहायला पाठवले. निघायच्या आदल्या दिवशी आप्पांनी सहा वर्षांत पहिल्यांदा मुलीचे नाव घेतले. एक खाकी लिफाफा वसंतच्या हातात दिला. “दर्यापूरच्या शेताचं हक्कसोडपत्र आहे. प्रमोदिनीची सही दूतावासातल्या अधिकाऱ्यासमोर घ्यायची. आधी सही. बाकीचं मग.”

शेत आईचे होते. चौदा एकर काळी जमीन, तिच्या वडिलांनी तिला दिलेली. शेत आपल्या नावावर करायचे आहे आणि नव्या कायद्याने तुझी सही लागते, एवढेच वसंतने काल रात्री जेवताना सांगितले. सांगताना त्याने ताटातून मान वर केली नव्हती. प्रमोदिनी चटकन म्हणाली होती, “घे ना. मी इथं बसून कापूस थोडीच वेचणार आहो?”

“आईचे गुडघे कसे आहेत?” आता तिने विचारले.

उजवीकडच्या गल्लीतून पावाची गाडी आली. वसंतने करकचून ब्रेक दाबला. इंजिन बंद पडले. मागच्या मोटारी भोंगे वाजवू लागल्या.

“थांब, मले रस्ता पाहू दे,” तो म्हणाला.

ती थांबली. मोटार पुन्हा सुरू झाली. पुढे मोठा गोल चौक लागला. सहा रस्ते फुटलेले. वसंतने एक फेरी मारली आणि वळण चुकले. दुसरी फेरी सुरू केली.

“उन्हाळ्यात आई अजून अंगणातच बाज टाकते का रे? का आता घरात झोपते?”

“कोणता रस्ता घेऊ तेवढं सांग, प्रमे.”

“तो, पुतळ्याजवळचा. तू तर घामाघूम झाला. एवढी थंडी अन् तुले घाम?”

त्याने बाहीने कपाळ पुसले. मग रस्ता सरळ झाला. दोन्हीकडे उंच झाडे, गर्दी नाही. प्रमोदिनीने पर्समधून लोकरीच्या दोन जाड पट्ट्या काढल्या आणि त्याच्या मांडीवर ठेवल्या.

“गुडघ्यांवर चढवायच्या. मी विणल्या. आप्पाले सांगू नको. आईच्या हातात गुपचूप दे.”

वसंतने खाली पाहिले नाही. “मागच्या सीटवर ठेव,” तो म्हणाला. “गिअर टाकता येत नाही.”

दूतावास आला. बारा वाजायला पंधरा मिनिटे होती. वसंतने फुटपाथला लागून मोटार उभी केली आणि इंजिन बंद केले. एकदम शांत झाले. रस्त्यावर पाहण्यासारखे काही राहिले नाही.

“आण कागद,” प्रमोदिनी म्हणाली.

“आत गेल्यावर देतो. अधिकाऱ्यासमोरच करायची सही. वाचायची गरज नाही, नेहमीचाच मजकूर आहे.”

“वकिलाची पोरगी आहो मी. वाचल्याशिवाय सही करत नाही.”

तिने त्याच्या कोटाच्या खिशातून लिफाफा ओढून घेतला. आप्पांच्या कारकुनाचे गोलगोल अक्षर होते. ती बोट ठेवून वाचू लागली. लिहून घेणार, लिहून देणार, गाव दर्यापूर, पूर्वेस नाला, पश्चिमेस गाडरस्ता. नाल्यापाशी ती हसली. “याच नाल्यात तू बैलासकट पडला होता.”

वसंत हसला नाही. मोटार उभी होती, तरी त्याने चाक दोन्ही हातांनी धरून ठेवले होते.

तिचे बोट दोन ओळी पुढे गेले आणि थांबले.

“दादा,” ती म्हणाली, “इथं आईच्या नावाच्या आधी ‘कै.’ काहून लिहिलं?”