वरची खिडकी

गावाबाहेरच्या त्या जुन्या दगडी कोठीत मी अकरा वर्षं लग्नांचे फोटो काढतेय. आतल्या चौकातल्या पायऱ्यांवर सगळ्यांना उभं केलं की मी एकामागोमाग पाच फोटो घेते, कारण कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. एकातला चेहरा दुसऱ्यात बसवला की काम भागतं.

पण इथे दर लग्नात कुणीतरी एकजण पाचही फोटोंत डावीकडच्या वरच्या खिडकीकडे बघत असतो. दर वेळी माणूस वेगळा. मी गुपचूप बुबुळं सरळ करून देते. त्या माणसांचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

राखणदाराला मात्र एकदा विचारलं, "काका, वर काय आहे हो?"

"काही नाही. वर जायचा जिनाच काढून टाकलाय."

काल भावाच्या मुलीचं लग्न तिथेच होतं. "आत्या, आज तरी फोटोत ये ना," म्हणत तिने मला ओढलंच. मी कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, पाच फोटोंचा टायमर सुरू केला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मी समोरच बघत होते, हे मला पक्कं आठवतंय.

आज फोटो उघडले. पाचही फोटोंत सगळे समोर बघताहेत. मी सोडून.

पहिल्यात माझा हात खाली आहे. मग प्रत्येक फोटोत तो थोडा वर येतो. पाचव्यात मी हसतेय, आणि माडीवरून कुणी हाक मारल्यावर आपण "आलेच" म्हणून करतो, तसा हात केलाय.