चरकावरची नवी मोटार

रसूल मिस्त्रीनं जुनी मोटार साखळीला लटकवून वर उचलली, तशी शालूबाईनं जी पाठ फिरवली ती फिरवलीच.

उंब्रजजवळच्या त्या गुऱ्हाळात सकाळपासून हीच तऱ्हा. मोटारीचं बेअरिंग पार गेलेलं. उसाचा चरक सुरू झाला की अशी बोंबलायची, की समोरच्याशी हातवारे करूनच बोलावं लागे. रसूलनं ती कितीदा तरी दुरुस्त करून दिली होती. या खेपेला मात्र त्यानंही हात टेकले आणि नवीच बसवा म्हणाला. शालूबाईच्या नवऱ्यानं, नाथाजींनी, सांगलीहून नवी आणली. घरदार खूश. एकट्या शालूबाईचं एकच पालुपद, हीच दुरुस्त करा. का, ते सांगेल तर शपथ! वर नवी बसवली तर चरकावर बसणार नाही, असंही बजावलेलं.

नाथाजींना नेमकं तेच नको होतं. लग्न झाल्यापासून दोघं चरकाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायची. हे ऊस सारायचे, ती पलीकडून चिपाडं ओढायची. त्यांना गुळापेक्षा ते बसणंच गोड लागायचं. बायकोला हे कधी सांगितलं मात्र नव्हतं. त्या गोंगाटात सांगणार तरी कसं?

दुपारी नवी मोटार फिरली. आवाज म्हणाल तर नाहीच. नुसता ऊस चिरडल्याचा कचकच आवाज. माणूस कमी पडलं, म्हणून शालूबाई तोंड घट्ट मिटून समोर येऊन बसली. नाथाजी इतके हरखले, की ऊस सारता सारता हात थेट चरकाच्या फिरत्या लाटांजवळ गेला.

"नाथा, हात मागं घे की रं राजा!"

काहिलीत रस ढवळणारा गुळव्या ढवळायचाच थांबला. शालूबाईनं पदर तोंडाला लावला. उखाण्यातसुद्धा नवऱ्याचं नाव घेताना अडखळणारी बाई, जन्मभर 'आवं'च्या पुढं गेली नव्हती. आणि आज नाव आलं तेही असं, रोजचं असल्यासारखं. जुनी मोटार बोंबलत असायची तेव्हा तिचे ओठ सारखे हलायचे. नाथाजी आपले समजायचे, यमाई देवीचं नाव घेतेय.

रसूल खाली मान घालून हसू दाबत होता. शालूबाई लाजेनं लालबुंद होऊन उठायला लागली. आता ही परत बसायची नाही, हे नाथाजींना कळून चुकलं. त्यांनी कानामागं हात धरला.

"ह्या नव्या मोटारीचा लय आवाज हाय बघ. काय म्हणलीस, ऐकू आलं न्हाई. बस आन् परत म्हण."