मानाची मांडी

पडलेल्या रानडुकरापाशी बापूसाहेबांचं प्रवचन रंगलं होतं. "सशाला छर्रे पुरतात. डुकराला मात्र माझी विलायती गोळीच हवी, आरपार जाते!"

ज्याच्या गोळीनं जनावर पडेल, मानाची मांडी त्याची, हा गावचा रिवाज. बापूसाहेबांनी पिशवीही उघडून धरली होती.

डुक्कर सोलणाऱ्या धाकूच्या ठासणीच्या बंदुकीला साहेब सकाळीच 'लाटणं' म्हणाले होते. बार दोघांचे एकदमच उडाले होते, अंगावर भोक मात्र एकच. सुरी आत जाताच हाताला लागली ती धाकूनं घरी ओतलेली शिशाची गोळी.

"माझी आरपार गेली असणार!" बापूसाहेब म्हणाले.

"गेली ना, पण डुकराला न शिवता." धाकूनं मागच्या फणसाकडे बोट दाखवलं. खोडातल्या ताज्या भोकातून चीक गळत होता. "फणस अजून उभा आहे, साहेब. पडला की तुमची मांडी घरपोच धाडतो."