फौजदारीणबाई येणार

“टोपी जरा सरळ करा,” विष्णुपंत म्हणाले आणि त्यांनी प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं.

बाईंनी टोपी सरळ केली. खाकी वर्दी, रुंद पट्टा, खांद्यावर दोन तारे. विष्णुपंतांनी मागूनपुढून न्याहाळलं आणि मनातल्या मनात मान डोलावली. उल्हासनगरचा माल तो उल्हासनगरचाच! तिथं विलायती घड्याळापासून साबणापर्यंत सगळं हुबेहूब बनतं, मग वर्दीच का बनू नये?

“मुलांना नाव काय सांगायचं?”

“रखमा गायकवाड.”

“झकास. साधंच ठेवलंत, बरं केलंत. भारी नाव घेतलं की लोकांना संशय येतो.”

बाई त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. “सर, तुम्ही घाबरलाय का?”

घाबरले तर होतेच. बत्तीस वर्षांच्या मास्तरकीत त्यांनी रजेचा अर्जसुद्धा कधी खोटा दिला नव्हता. पण चिमीपुढे इलाज चालला नाही. बदलापूर गावातल्या या शाळेत दहावीला पहिली येणारी ही पोर, फौजदार व्हायचं म्हणून हटून बसली होती आणि तिच्या बापाने, हरिचंद्रने, वैशाखात तिचं लग्न काढलं होतं. विष्णुपंतांनी त्याच्या घरी खेटे घातले. तिसऱ्या खेपेला हरिचंद्र वैतागला. “मास्तर, बाई फौजदार झालेली मना डोल्यांनी दाखवा. मंग पोरीला पुढं धाडतो.”

दर जानेवारीत शाळेत व्यवसाय मार्गदर्शनाचा दिवस असे. मुलांना अंबरनाथचा एखादा कारखाना दाखवायचा, पोस्टमास्तर नाहीतर परिचारिका बोलवायची. यंदा, १९८९ साली, विष्णुपंतांनी पोलिसखात्याला तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. शेवटी उल्हासनगरात हौशी नाटकं बसवणारा त्यांचा दोस्त शंकर म्हणाला, “फिकर नॉट. एक बाई पाठवतो, वर्दीसकट. अकराला हजर.”

विष्णुपंतांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. अकराला पाच कमी असताना ही बाई रिक्षातून उतरली, तीही वर्दी चढवूनच. कुणी विचारायच्या आत त्यांनी तिला ओढतच प्रयोगशाळेत आणलं.

“किती वर्षं करताय हे काम?” त्यांनी विचारलं.

“सहा.”

“चारचौघांत उभं राहायची भीती नाही वाटत?”

“सुरुवातीला वाटायची. आता सवय झाली.”

“एक सांगून ठेवतो, बाई. पोलिसांना कळलं तर आपण दोघंही आत.”

बाईंनी ओठ घट्ट मिटले. मग म्हणाल्या, “माझ्याकडून नाही कळणार, सर.”

विष्णुपंतांना जरा धीर आला.

शाळेच्या पटांगणात मुलं बसली होती. मागे पालक, आणि अगदी कडेला हाताची घडी घालून हरिचंद्र. बाई बोलायला उभ्या राहिल्या, तर आवाज फारच हळू होता. फौजदार असा बोलतो का? शंकरने तालीम नीट घेतलेली दिसत नव्हती.

पण पोरं हळूहळू पुढे सरकायला लागली. बाई सांगत होत्या, आई अंबरनाथला कारखान्यात पाळीवर जायची. भरतीसाठी पळायचा सराव करायला बूट नव्हते, म्हणून भावाच्या बुटांत कागदाचे बोळे कोंबून नदीकाठी पळायचे. पहिल्याच बंदोबस्तात कुणीतरी ‘ओ ताई, घरी जा’ म्हणालं, तेव्हा रडू आलं होतं.

काय बाई होती! विष्णुपंत मनात म्हणाले, हिला नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळायला हवं.

“लगीन झालंय का तुमचं?” हरिचंद्रने मागून विचारलं.

“झालंय की. सासूबाई माझ्या वर्दीला इस्त्री करतात. माझी इस्त्री त्यांना पसंत नाही.”

सगळं पटांगण हसलं. चिमीने उठून उंची किती लागते ते विचारलं. बाईंनी तिला भिंतीला टेकवून उभं केलं आणि म्हणाल्या, “भरपूर आहे. पळायला मात्र आजपासून लाग.”

निघताना त्या विष्णुपंतांना म्हणाल्या, “पुढच्या वर्षीही बोलवा, सर. पत्र तेवढं लवकर टाका.” आणि रिक्षात बसून गेल्यासुद्धा.

पटांगण रिकामं झालं. हरिचंद्र तेवढा थांबला होता. जवळ येऊन तो हळूच म्हणाला, “मास्तर, ती बाई नाटकातली हाय. मना ठाव हाय.”

विष्णुपंतांनी घाईने आजूबाजूला पाहिलं.

“परवा उल्हासनगरला भाजी घेऊन गेलतो. तुमचा शंकर भेटला, त्यानं सगलं सांगितलं.”

“मग भर सभेत बोलला का नाहीस?”

“तुमच्याकरं बगत होतो. सदरा घामानं भिजला होता तुमचा.” हरिचंद्रने हाताची घडी सोडली. “माजी पोर तुमची कोन, मास्तर? तिच्यासाटी तुमी येवरं सोंग केलंत. मी तर बाप हाय. धाडतो तिला पुढं. लगीन काय पलून जातं व्हय?”

विष्णुपंतांनी हरिचंद्रचे दोन्ही हात धरले आणि म्हातारा मास्तर चक्क रडला.

एवढ्यात फाटकापाशी रिक्षा थांबली. कापडी पिशवी छातीशी धरून एक बाई धापा टाकत त्यांच्यापाशी आली.

“माफ करा सर, रिक्षा बंद पडली वाटेत. मी भिमाबाई, शंकरदादांनी पाठवलंय. वर्दी पिशवीत आहे, कुठं बदलू?”