चित्र क्रमांक दोन

टोस्टरमधून टोस्ट खटकन उडाले, तेव्हा कुठे रोवेनाने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले.

स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका बाजूला तिची सहा वर्षांची विनी, दुसऱ्या बाजूला नोएल. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं कातडीचे पातळ काप काचेवर बसवत आलेला माणूस. रविवार असूनही जुन्या काचांची पेटी घेऊन सकाळीच हजर झाला होता.

"काय डॉक्टरीणबाई, राहिली का नोकरी?"

"उजवीकडची काच बरोबर आहे. मेलानोमाच."

नोएलने सुस्कारा सोडला आणि टोस्टला वेजिमाइटचा काळा खारट लेप फासायला घेतला.

भानगड चित्र क्रमांक दोनची होती. अकरा वर्षांपूर्वीच्या तिच्या निबंधातलं हे चित्र. डावीकडे साधा तीळ, उजवीकडे मेलानोमा, म्हणजे कातडीचा काळा कर्करोग, दोन्हींत फरक कसा ओळखायचा ते दाखवणारं. तीन हजार चारशे संशोधकांनी आपल्या लिखाणात त्या निबंधाचा आधार घेतला होता. त्याच्याच जोरावर रोवेना विभागप्रमुख झाली. आणि गेल्या आठवड्यात ऑस्लोच्या एका तरुण संशोधकाने लिहिलं, उजवीकडचा तो कर्करोग नसावाच. उद्यापर्यंत उत्तर द्यायचं होतं, नाहीतर निबंध मागे घ्यायचा.

"मला बघू दे," विनी स्टुलावर चढली. एक डोळा मिटून तिने उजवीकडची काच पाहिली. "ई! वारूळ फुटून मुंग्या पळतायत."

"ऑस्लोवाल्यापेक्षा हुशार आहे पोरगी," नोएल म्हणाला. "आणि डावीकडची?"

"ती कशाला बघायची? डेसची आहे ती," रोवेना म्हणाली.

नोएल हसला. डेस म्हणजे रोवेनाचा नवरा. तुलनेसाठी निरोगी माणसाचा तीळ हवा होता, तेव्हा त्याने सदरा काढून खांदा पुढे केला होता. "घे एक. बाकी पुष्कळ आहेत." तो काही रुग्ण नव्हता, त्यामुळे ती काच कडेपर्यंत तपासून अहवाल कुणी लिहिला नाही. रोवेनाने छान दिसणारी एक जागा निवडली, बाजूला निळ्या शाईचा ठिपका दिला, फोटो काढला आणि काच पेटीत ठेवली. पुढे डेस ज्याला त्याला सांगत सुटायचा, "माझ्या खांद्याला जगभर मान आहे. बायको घरात विचारत नाही, ती गोष्ट वेगळी."

"आई, मेलानोमा म्हणजे बाबांना झाला तोच ना?"

"हो."

"तो कुठून आला ते सापडलं?"

"नाही गं."

डॉक्टरांनी डोक्याचे केस बाजूला करून पाहिलं, नखं पाहिली, डोळ्यांच्या आत पाहिलं. रोग यकृतात पसरलेला होता, पण सुरुवात कुठेच मिळाली नाही. शेवटच्या महिन्यांत रोवेना रोज भिंग घेऊन त्याच्या अंगाचा एकेक तीळ तपासत बसायची. तो म्हणायचा, "राहू दे गं आता, गुदगुल्या होतात." दीड वर्ष झालं त्याला जाऊन. तीन हजार लोक तिच्या चित्रावरून हा रोग ओळखत होते आणि तिला घरातला सापडला नव्हता.

"मला बाबांची काच दाखव," विनी म्हणाली.

रोवेनाने काच लावली. निळ्या ठिपक्याशी नेमकी आणली. "काय दिसतं?"

"जांभळे जांभळे गोल. गोट्यांसारखे. सगळे शहाण्यासारखे बसलेत."

"ते बाबा."

विनीने बराच वेळ डोळा हलवला नाही. नोएलने तिला काच सरकवायची चकती कशी फिरवायची ते दाखवलं, हळू, अगदी केसभर. रोवेनाने लॅपटॉप ओढला आणि ऑस्लोला उत्तर लिहिलं. दोन्ही काचा आपल्याजवळ आहेत. चित्र क्रमांक दोनमध्ये कोणतीही चूक नाही. पाठवूनही दिलं.

पाठवल्यावर तिला हलकं वाटलं. तिने टोस्टचा तुकडा मोडला.

चकती फिरायची थांबली होती.

"आई," मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता विनीने विचारलं, "ठिपक्यापासून लांब, इकडे कडेला, बाबांच्या काचेतपण मुंग्या पळतायत. तू तेव्हा इकडे नव्हतं का बघितलंस?"