दाखवायचं घर

"आधी भिंतीवरची माणसं उतरवा," एजंट म्हणाला. "घर बघायला आलेल्याला दुसऱ्याचं कुटुंब दिसलं की तो पाहुणा होतो. आणि पाहुणा काही घर घेत नाही."

धाकट्याने स्टूल ओढलं आणि फोटो उतरवायला लागला. थोरली बहीण खाली उभी राहून एकेक हातात घेत होती. गणवेशातले ते दोघं. आईबाबा कुठल्याशा तळ्याकाठी. बाबांचा शेवटचा. फोटो होते तिथे भिंतीवर गडद चौकोन उरले.

"रंगाचा एक हात मारून घ्या," एजंट म्हणाला. "जिन्याच्या वळणावर ओरखडा पडलाय, तोही बुजवा."

आई गेली त्या दिवशी लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावरून तिला चौघांनी उचलून खाली नेलं होतं. वळणावर दांडा भिंतीला घासला होता. थोरली मागून आईच्या चपला हातात घेऊन उतरली होती. त्या का घेतल्या, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"त्यांना जाऊन किती दिवस झाले?" एजंटने आवाज खाली आणून विचारलं.

"तीन आठवडे," धाकटा स्टुलावरूनच म्हणाला.

"लवकर निर्णय घेतलात, बरं केलंत. लोक वर्षवर्ष कुलूप लावून ठेवतात. मग घराला ओल धरते."

घर बाबांनी हयातीतच धाकट्याच्या नावावर केलं होतं. त्यामुळे कागदांची कटकट नव्हती. तो नोकरीच्या गावाहून आठ दिवसांची रजा काढून आला होता. थोरली शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दोन खोल्या, नवरा, सासू, दोन मुलं. ती रोज दुपारी यायची आणि दिवेलागणीला परत जायची.

एजंटने ओट्यावर तीनच वस्तू ठेवायला सांगितल्या होत्या. बाकी सगळं खोक्यांत गेलं. आईने प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती. एकावर 'साखर'. शेजारच्यावर 'साखर नाही'. तिसऱ्यावर 'ही पण साखर नाही, झाकण लाव'. धाकट्याला लहानपणी साखरेचे बकाणे भरायची सवय होती, तेव्हापासूनच्या चिठ्ठ्या. थोरलीने डबे गरम पाण्यात बुडवले आणि नखाने कागद खरवडून काढला. आता रडू येईल, असं तिला वाटलं. ती थोडा वेळ थांबली. आलं नाही. मग तिने पुढचा डबा घेतला.

कपड्यांच्या अकरा पिशव्या झाल्या. एका संस्थेची गाडी येऊन त्या घेऊन गेली. दोन गाऊन, एक स्वेटर आणि वाचायचा चष्मा थोरलीने बाजूला ठेवला.

"हे कशाला?" धाकट्याने विचारलं.

"राहू दे."

त्याने पुढच्या खोक्याला चिकटपट्टी लावली.

"शेजारच्या काकू कधी येणारेत?" ती म्हणाली.

"सोमवारी. त्या यायच्या आत उरकायला हवं. नाहीतर एकेका खोक्यावर बसून तासभर बोलतील. आणि ताई, ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय."

"मग तोंड असं का?"

"माझं तोंड असंच आहे."

तो हसला. तीही हसली. हसू आलं तसं गेलं.

शनिवारी पडदे बदलले. पातळ, पांढरे. आईची खिडकीजवळची गादी एका बाजूने खचली होती, ती दोघांनी मिळून उलटी केली आणि वर नवी चादर ताणून घातली. घर मोठं दिसायला लागलं. धाकटा मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "आपण इथे राहत होतो तेव्हा असं का नाही ठेवलं?" थोरलीने फडकं पुन्हा ओलं केलं. ती दाराची कडी पुसत होती.

रविवारी चार वाजता जोडपं आलं. तरुण होतं. नवऱ्याने नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून-लावून पाहिल्या. बायको खिडकीजवळच्या खाटेशी थांबली.

"इथे कोण राहायचं?"

"आमची आई," थोरली म्हणाली.

"एकट्याच?"

"बाबांनंतर एकटीच. एकतीस वर्षं होती या घरात."

बायको थोडी घुटमळली. "विचारू नये, पण... त्या इथे घरातच...?"

"नाही," धाकटा पटकन म्हणाला. "हॉस्पिटलमध्ये नेलं होतं."

"हो का," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. मग ती खाटेच्या कडेवर अलगद बसली. "फार उजेड आहे हो इथे. प्रसन्न वाटतं."

"आईलाही आवडायची ही जागा," थोरली म्हणाली. स्वतःचा आवाज तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

पाऊण तासात सगळं ठरलं. एजंटने दोघा भावंडांचे हात हातात घेऊन दाबले. "घर बोलतं म्हणतात ना, ते हे."

जोडपं आणि एजंट गेल्यावर थोरलीने खिडक्या लावल्या. धाकट्याने कुलूप घातलं आणि दोनदा ओढून पाहिलं. दोघं खाली येऊन गाडीत बसले.

"तू सांगशील?" त्याने विचारलं.

"घर तुझ्या नावावर आहे. तू सांग."

"तू मोठी आहेस."

चार सिग्नल मागे पडले. गाडी एका मोठ्या फाटकातून आत गेली. ते उतरले, जिना चढले. लांबट खोलीच्या टोकाला, नीट आवरलेल्या खाटेवर एक म्हातारी केस विंचरून, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पायाशी वॉकर होता.

"किती वेळ लावलात रे दोघांनी," आई म्हणाली. "सकाळीच सोडलंय मला डॉक्टरांनी. चला, घरी जाऊ."